हवा धरलेली गाडी

गेल्या डिसेंबरात पलूसजवळच्या एका फडावर पहाटे साडेपाचला पोचलो, तेव्हा अंधारात एका ट्रकचा सेल्फ ओरडत होता. घुर्र-घुर्र-घुर्र, जरा थांबून परत घुर्र-घुर्र. दर खेपेला आवाज आधीपेक्षा रडका. हौद्यावर ऊस रचून दोर आवळलेले, टोळीतली माणसं पाचटाच्या शेकोटीभोवती बसलेली, आणि ड्रायव्हर केबिनमध्ये किल्लीशी झटत होता. मी खरं तर ऊसतोड टोळीवर लिहायला गेलो होतो. ट्रक सुरू झाला नाही आणि माझा विषयच बदलला.

आदल्या संध्याकाळी ट्रक भरून झाला होता. कारखान्याच्या काट्यावर रांग लांब म्हणून ड्रायव्हरनं पहाटे निघायचं ठरवलं. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजनात मार खातो, साखरेचा उतारा घसरतो. टोळीला मजुरी टनावर मिळते, म्हणजे सगळ्यांचेच पैसे त्या हौद्यात हळूहळू सुकत होते. मुकादम फोनवर कुणाला तरी शिव्या देत होता. ड्रायव्हर मात्र एकच वाक्य धरून बसला होता, ‘काल सांजच्याला झकास चालत हुती की.’

हे वाक्य महत्त्वाचं होतं. पण त्याचा अर्थ फक्त एकाच माणसाला कळणार होता, आणि तो अजून यायचा होता.

मिस्त्री आले मोटारसायकलवरून. कानटोपी, स्वेटर, हँडलला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. वय साठीच्या आसपास. ड्रायव्हर त्यांना मामा म्हणत होता. मला वाटलं, आता बॉनेट उघडतील. ते मागं सायलेन्सरच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि बॅटरीचा झोत पाडून म्हणाले, ‘मार एकदा. दहा सेकंद. बास.’

सेल्फ फिरला. मिस्त्रींनी झोतात बघितलं.

‘धूर न्हाई. आता किल्लीला हात लावू नको. ब्याटरी उतरली तर मी बी काय करणार न्हाई.’

एवढ्या एका नजरेत त्यांचं निम्मं काम झालं होतं, हे मला नंतर समजलं. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरट धूर निघत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, नुसतं जळत नाही. मग गारठा, घसरलेलं कॉम्प्रेशन, चुकलेलं टायमिंग, डिझेलात शिरलेलं पाणी, अशी वेगळी वाट धरायची. धूरच नाही, तर आत डिझेलच जात नाही. मग इंजिनाचं पोट फाडण्यात अर्थ नसतो. टाकीपासून नोजलपर्यंतचा रस्ता चालत जायचा आणि तो कुठं अडलाय ते बघायचं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्यातून काय काय निघतं याचा विचार फारसा होत नाही. पिस्टन आतली हवा पंधरा-वीस पटींनी दाबतो. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे हवा, दाब आणि वेळेवर आलेलं डिझेल, एवढ्यावर खेळ. आणि डिझेल किती? ट्रक-ट्रॅक्टरच्या एका सिलिंडरला पूर्ण भार असताना एका वेळी साधारण एक थेंब. तो थेंब धुक्यासारखा फुटायला हवा, म्हणून जुन्या पद्धतीच्या नोजलची सुई दोनशे बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट दाब आल्याशिवाय उघडतच नाही.

रुडॉल्फ डिझेलला ही गोष्ट सुचली, पण हा थेंब कसा सोडायचा ते त्याला साधलं नव्हतं. त्यानं पेटंटसाठी अर्ज केला 1892 साली, आणि ऑग्सबर्गच्या कारखान्यात धड चालणारं इंजिन उभं राहिलं 1897 मध्ये. त्या इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा वापरत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, त्याच्या टाक्या. असलं धूड गाडीत बसणार कुठं? डिझेल 1913 साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला आणि काही दिवसांनी त्याचं प्रेत समुद्रात सापडलं. ट्रकला चालेल असा आटोपशीर पंप रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं कारखान्यात मोठ्या संख्येनं काढायला सुरुवात केली ती 1927 साली. आपल्याकडं 1951 मध्ये बंगळुरात मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, निघाली. पुढं नाशकात सातपूरला नोजल आणि इंजेक्टर बनू लागले. कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, त्याला बरीच वर्षं झाली, पण मिस्त्रींच्या तोंडी अजून ‘मायकोचा पंप’च आहे. बॉश म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं ड्रिल मशीन येतं.

तर फडावर. मिस्त्रींनी अजून एकही पाना काढला नव्हता. आधी प्रश्न. काल कुणी काय उघडलं होतं का? फिल्टर कधी बदलला? डिझेल कुठं भरलं, पंपावर की कॅनमधनं? मग एक उसाचं कांडकं सोलून टाकीत घातलं आणि ओला भाग बोटानं मोजला. डिझेल निम्म्याच्या वर. काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता; डॅशबोर्डवरचा काटा गेली दोन वर्षं ‘फुल’ दाखवत असल्याचं ड्रायव्हरनंही कबूल केलं. मग केबिनमध्ये वाकून, इंजिन बंद करायला ओढतात त्या स्टॉपरची दांडी बघितली.

‘हसू नका पाव्हणं,’ मला म्हणाले. ‘स्टॉपर ओढलेला ऱ्हातो आन् लोक रातभर सेल्फ मारत्यात. मला पंधरा किलोमीटर लांब बोलावून नेलं हुतं एकदा. म्या नुसती दांडी आत ढकलली. पैसं कशाचं घ्यावं, तेच कळंना.’

स्टॉपर आत होता. मग पिशवी उघडली.

इंजिनाच्या कुशीला पंप, पंपाच्या पोटाला फीड पंप, आणि फीड पंपावर हातानं दाबायचा प्रायमर. मिस्त्रींनी प्रायमर पिळून सैल केला आणि दाबू लागले. फस, फस, फस. मला म्हणाले, ‘हात लावून बगा.’ मी दाबला. सायकलच्या फुटक्या पंपासारखा पोकळ लागला. नळीत डिझेल भरलेलं असेल तर आठ-दहा दाबांत प्रायमर जड होतो, हाताला उलट रेटा देतो. इथं तीस-चाळीस दाब झाले तरी काही नाही.

फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू त्यांनी दोन आटे सैल केला आणि ड्रायव्हरला प्रायमर मारायला लावला. बराच वेळ काहीच आलं नाही. मग स्क्रूच्या कडेनं पांढरा फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा. फेसानंतर बुडबुडे, फुटत-थुंकत. आणि मग एकदम आवाज बंद होऊन स्वच्छ धार, बॅटरीच्या उजेडात पिवळसर. धार चालू असतानाच मिस्त्रींनी स्क्रू आवळला. धार थांबल्यावर आवळला तर हवा पुन्हा आत ओढली जाते, म्हणाले. तेच नंतर पंपावरच्या स्क्रूला. मग सतराचा पाना घेऊन नोजलवर येणाऱ्या दोन जाड पायपांचे नट एकेक आटा सोडले, सेल्फ मारायला लावला. नटाखालून आधी नुसता ओलावा, मग पिचकारी. नट आवळले. पुढच्या सेल्फला इंजिन दोन सिलिंडरांवर अडखळलं, खोकलं, आणि काळ्या धुराचा एक लोट सोडून सहाच्या सहावर चालायला लागलं.

शेकोटीकडून एक आनंदाची हाळी आली. ड्रायव्हरनं गियरला हात घातला.

‘बंद कर,’ मिस्त्री म्हणाले.

‘आवो मामा, झाली की चालू!’

‘हवा आली कुठनं ते सांग, मग जा.’

इथं मला हा माणूस आवडायला लागला. हवा काढून गाडी चालू करून देणारे पुष्कळ असतात. ड्रायव्हर स्वतःही काढतो. दोनशे रुपये घ्यायचे, रात्री गाडी परत उभी राहिली की सकाळी परत यायचं. पण नळीतली हवा ही आजाराची खूण असते. ती आपल्या पायांनी आलेली नसते.

हवेनं एवढं बिघडतं का, तर हवा दबते आणि डिझेल जवळजवळ दबत नाही. पंपाचा प्लंजर वर गेला की डिझेलाला पळायला जागा नसते, दाब चढतो, नोजलची सुई उठते. मध्ये बुडबुडा असला की प्लंजर त्या बुडबुड्यालाच पिळत बसतो. स्पंजासारखा तो आवळतो आणि पुन्हा फुगतो. दोनशेचा दाब कधी होतच नाही. पंप चालतोय, इंजिन फिरतंय, आणि थेंब मात्र बाहेर पडत नाही.

आणि ही हवा शिरते कशी, याचं उत्तर माझ्या आजोबांच्या विहिरीवर होतं, ते मला त्या पहाटे पहिल्यांदा लक्षात आलं. पलूसपासून किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना काढला. त्याच घराण्याची ऑइल इंजिनांची कंपनी पुढं 1946 मध्ये पुण्यात खडकीला उभी राहिली, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातही इंजिनं ओतली जाऊ लागली. वीज येण्याआधी आमच्या भागातल्या विहिरी या इंजिनांच्या टुकटुकीवर चालल्या. आजोबांच्या इंजिनाला सेल्फ नव्हता, हँडल होतं. वरची छोटी दांडी उचलून धरायची म्हणजे कॉम्प्रेशन सुटतं, मग हँडल मारायचं, वेग आला की दांडी सोडायची. पण त्याआधी आजोबा हँडल सावकाश फिरवून कान लावत. नोजलमधून ‘कर्र’ असा दाताखाली खडा आल्यासारखा आवाज आला, की डिझेल आलं. कर्र नाही, तर दांडी सोडून दम घालवायचा नाही. मी दहा वर्षांचा असेन. मला तो आवाज इंजिनाच्या ढेकरासारखा वाटायचा.

त्या इंजिनाची टाकी डोक्यावर होती. डिझेल आपल्या वजनानं खाली उतरायचं. कुठं वायसर सैल झाला की डिझेल टपकायचं, खाली मातीत काळा डाग पडायचा, वास यायचा. गळती स्वतःच ओरडून सांगायची. बऱ्याच ट्रॅक्टरांचंही असंच, टाकी इंजिनाच्या वरच्या अंगाला. ट्रकची गोष्ट उलटी. टाकी खाली, चासीच्या बाजूला लटकलेली; पंप वर. फीड पंपाला डिझेल खालून वर ओढून घ्यावं लागतं. या ओढणाऱ्या नळीला कुठं भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, नळीवर ओल नाही, वास नाही. आणि गाडी चालू असेपर्यंत फीड पंप एवढा जोरात ओढत असतो की थोडी हवा आली तरी निभावतं. रात्री गाडी उभी राहिली की त्या भोकातून हवा सावकाश शिरते आणि नळीतलं डिझेल गपचूप टाकीत परत उतरतं. सकाळी नळी रिकामी. ‘काल सांजच्याला झकास चालत हुती’ याचा अर्थ हा होता.

मिस्त्रींनी पिशवीतून एक मीटरभर पारदर्शक नळी काढली. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली, साधी. फीड पंपाला येणारी रबरी नळी सोडली आणि तिच्या जागी ही बसवली. इंजिन चालू केलं. बॅटरीच्या झोतात नळीतून डिझेल पळताना दिसत होतं, आणि त्यात राजगिऱ्याच्या दाण्याएवढे बुडबुडे, एकामागून एक, शिस्तीत.

म्हणजे रबरी नळी निर्दोष, कारण ती आता मध्ये नव्हतीच. मग त्यांनी नळीचं दुसरं टोक गाडीच्या पायपातून काढून सरळ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलं. बुडबुडे थांबले. फीड पंपही निर्दोष. उरला तो टाकीपासून चासीच्या कडेनं येणारा लोखंडी पाइप, आणि टाकीवरचा जोड. एव्हाना उजाडलं होतं. मिस्त्री ट्रकखाली पाठीवर सरकत गेले, नळी पुन्हा पायपाला जोडून. बाहेर आला तो फक्त हात, ग्रीसचा डबा मागायला.

पाइप चासीला जिथं जिथं पत्तीनं आवळलेला होता, तिथं ते ग्रीसचा जाड लेप देत गेले आणि मला बुडबुडे बघत राहायला सांगितलं. पहिली पत्ती, बुडबुडे चालूच. टाकीचा जोड, चालूच. तिसऱ्या पत्तीला ग्रीस थापलं आणि माझ्या डोळ्यांदेखत दाणे विरळ झाले, संपले. नळी काचेसारखी स्वच्छ.

‘गेले!’ मी ओरडलो. टोळीतली दोन पोरंही येऊन बघायला लागली.

पत्तीखालचं रबर केव्हाच झिजून पडलं होतं. लोखंड लोखंडाला घासत होतं, आणि पायपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. बाहेरून ठणठणीत कोरडं, फक्त धूळ. मिस्त्रींनी तेवढा तुकडा कापला, दोन टोकांवर तेल-डिझेलला चालणारी रबरी नळी चढवली, दोन क्लिपा आवळल्या आणि पत्तीखाली टायरच्या ट्यूबचा तुकडा घातला. सामानाचा खर्च शंभर-दीडशे रुपये झाला असेल.

सगळीच दुखणी इतकी रंगत नाहीत. टाकीच्या झाकणाला हवा जायचं बारीक छिद्र असतं, ते चिखलानं बुजलं की टाकीत पोकळी होते आणि डिझेल उतरत नाही; झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ झालं की समजायचं. जुना तांब्याचा वायसर परत वापरला की तो नीट बसत नाही. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभ्या केलेल्या गाडीत रात्रीच्या गारव्यानं पाणी सुटतं, डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर चक्क बुरशी-जंतू वाढतात. फिल्टर उघडला की तपकिरी शेवाळासारखा बुळबुळीत थर. हंगामाआधी टाकीच्या तळाचा बोल्ट सोडून दोन पेले काढून टाकले तर हे टळतं. काढत कुणी नाही. लेह-लडाखला गाडी नेणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. तिथं थंडीनं डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर बंद पडतो. इंडियन ऑइलनं त्या भागासाठी खास हिवाळी डिझेल आणलं ते 2019 च्या नोव्हेंबरात. आपल्या पलूसच्या गारठ्याला मेणाचं भय नाही.

पंप खराब असू शकतो, हेही खरं. पण तो सगळ्यात शेवटी. कराडमध्ये पंप दुरुस्तीच्या एका दुकानात नंतर मुद्दाम गेलो. बाहेर ऑइलनं माखलेली फरशी, आणि आत काचेचं दार लावलेली, चप्पल काढून जायची खोली. टेबलावर पंप फिरवून प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते उभ्या काचनळ्यांत मोजत होते. दुकानदारानं एक नोजल हातपंपावर लावून दांडी दाबली. ‘पुर्र’ होऊन टोकातून धुकं उडालं. दुसरं लावलं, त्यातून धार आली आणि शेवटी टोकाला थेंब लोंबत राहिला. ‘हा थेंब इंजिन खातो,’ म्हणाला. मग एक प्लंजर तळहातावर ठेवला, करंगळीएवढा, आरशासारखा. प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉनचा. ही जोडी एकत्रच घासून जुळवलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्याला चालत नाही. रस्त्याकडेला पंप उघडून धोतराच्या सोग्यानं पुसणाऱ्या मिस्त्रींबद्दल तो जे बोलला, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. त्याची खरी तक्रार मात्र वेगळी होती. खूप लोक चांगला पंप उतरवून त्याच्याकडं आणतात, कारण नळीतली हवा शोधायला कंटाळतात.

त्याच्याकडच्या अर्ध्या भिंतीवर आता कॉमन रेलचं सामान होतं. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकांत, आणि 2023 पासून पन्नास हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांतही, हीच पद्धत चालते. एका सामाईक नळीत दीड-दोन हजार बारचा दाब, आणि नोजल कधी उघडायचं ते संगणक ठरवतो. मिस्त्रींची सतराच्या पान्याची युक्ती इथं चालत नाही. चालत्या इंजिनाचा तो नट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वर नुसता सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फार दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. जुन्या पंपाचा फवाराही कातडी फोडू शकतो, म्हणून गळती बोटानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. फीड पंपाच्या अलीकडचा रस्ता मात्र नव्या गाडीतही तोच आहे: टाकी, पाइप, फिल्टर, पाणी, हवा. दुकानदार म्हणाला, संगणक ‘रेलचा दाब कमी’ एवढंच लिहून देतो; भोक कुठल्या पत्तीखाली ते लिहीत नाही.

त्या सकाळी आठ वाजता ट्रक निघाला. मिस्त्रींनी हात डिझेलनं धुतले, मग मातीनं, मग पाण्यानं. पैसे मुकादमानं दिले, घासाघीस करून. कापलेला पायपाचा तुकडा मी मागून घेतला. तो आता माझ्या टेबलावर आहे, आणि भोक दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

दुपारी एकला मी कारखान्यावर गेलो, तेव्हा तोच ट्रक रांगेत विसाव्या-बाविसाव्या नंबरला होता. ड्रायव्हर सावलीला बसून भाकरी खात होता. इंजिन चालूच होतं. सकाळपासून एकदाही बंद केलं नव्हतं.

‘मामानं सांगितलंय की, आता काय व्हत न्हाई म्हणून,’ मी म्हणालो.

‘ते खरं हो,’ तो म्हणाला, आणि ट्रककडं बघत पुढचा घास मोडला.